वाघाचं वळण

येडशीहून आमच्या गावाकडं येताना रामलिंगाच्या रानात एक उतार लागतो. उताराच्या मध्यावरच्या वळणाला लोक वाघाचं वळण म्हणतात. तो वाघ माझा. म्हणजे मीच तो तिथं सोडला. पहिल्या दिवशी चार हातांचा होता. सांगता सांगता नऊ हातांवर गेला, शेपूट वेगळी.

निजामाचं राज्य होतं. धाकटी बहीण माहेरी आलेली, तिला न्यायला तिचे मालक, आमचे दाजी, आगगाडीनं यायचे होते. छकडा जुंपून मी सकाळीच टेशनावर हजर. गाडीला उशीर होता आणि समोर शिंदीचं दुकान होतं. दोन मडकी प्यालो. एरवी मी दोनाची दहा करून सांगतो. या दोनांचं मात्र कित्येक वर्षं शून्य करत आलो.

दाजींना वास आला. "कासरा माझ्याकडं द्या."

"पाव्हण्यानं हाकायचं अन् म्या बघत बसायचं? बैलं माझ्या शिट्टीवर चालत्यात, दाजी. बसा गुमान!"

"उतारावर तरी हळू घ्या."

उतार आला तशा मी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. वळणावर चाक दगडावर चढलं आणि छकडा उलथला. मी करवंदीच्या जाळीत, दाजी छकड्याखाली. लख्ख ऊन होतं, दगड दिसला नाही म्हणायचीही सोय नव्हती. त्यांनी पाणी मागितलं. मी ओढ्यावरून पागोटं भिजवून आणलं, तोवर सगळं संपलं होतं.

पंचनाम्याला पोलिसांचे अमीनसाहेब आले. "बैलां कायकू बिदके?" त्यांनीच विचारलं आणि मला वाट सापडली.

"बिबट्या, हुजूर! असा आडवा उडाला!"

त्यांनी उर्दूत लिहिलं, शेर. सरकारी कागदावर माझ्या बिबट्याचा वाघ झाला. गावानं रान उठवलं, त्यात भाला घेऊन सगळ्यांत पुढं मी. वळणावर शेंदराचा दगड बसला. आणि बहिणीचं कुंकू ज्या अंगणात पुसलं, त्याच अंगणात मी लोकांना वाघाची उडी करून दाखवली. लोक "बापरे" म्हणाले, तर मला बरं वाटलं. हे लिहिताना आज मान वर होत नाही.

बहीण दरवर्षी त्या दगडापुढं नारळ फोडायची. एका वर्षी छकडा घेऊन मीच तिला नेलं. नारळ फोडून ती म्हणाली, "दादा, एक विचारू?"

"इचार की."

"तुझ्या वाघाच्या तोंडाला शिंदीचा वास येत होता का रं?"

नऊ हात जिभेवर तयार होते. पण तोंडातून निघालं, "व्हय."

"त्या दिवशी मला उराशी धरून रडलास, तवाच आला होता मला."

"मग हितकी वर्षं नारळ कुणाला फोडतीस?"

"ते इथंच गेले न्हवं? त्यांना. अन् तू कधी बोलतूस, त्याची मी वाट बघत होते."

मी कासऱ्याला हात घातला. तिनं कासरा काढून घेतला आणि पुढं बसली. मी मागं, दाजी बसले होते त्या जागी. उतारावर तिनं बैल हळू घेतले.