गुरुवारची गाडी

मिस्त्रीने गाडी रॅम्पवर चढवली, खाली शिरून बॅटरी मारली आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. इंचीमास्तरांनी ओळखलं, लक्षण काही बरं नाही. डॉक्टर आणि मिस्त्री गप्प झाले की पेशंटने समजून घ्यायचं असतं.

"मास्तर, इंजिन अजून पाच वर्षं ओढेल," मिस्त्री खालूनच बोलला. "पण पत्रा गेला. नेमका काकू बसतात त्या बाजूचा. सीटचे बोल्ट नुसते गंजाला धरून बसलेत. जोरात ब्रेक मारलात तर सीटसकट काकू पुढे."

"मग वेल्डिंग कर की. गेल्या वर्षी केलंस तसं."

"वेल्डिंग धरायला पत्रा लागतो, मास्तर. तुम्ही हवेला बटण लावून दाखवा, मी वेल्डिंग करून दाखवतो."

मास्तर पँट-कोट शिवायचे. रस्त्यापलीकडच्या माणसाची कंबर इकडून सांगायचे, तीही अर्ध्या इंचाच्या फरकाने, म्हणून बाजाराने त्यांना 'इंची' करून टाकलं होतं. गाडी बावीस वर्षांची. दुसऱ्या कुणाची असती तर मिस्त्रीचं ऐकून त्याच दिवशी भंगारात गेली असती. पण मास्तरांच्या बायकोला तीन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, आणि तेव्हापासून तिला घराबाहेर नेणारी ही एकच वस्तू जगात उरली होती.

दर गुरुवारी दुकान बंद. त्या दिवशी ती थोरल्या बहिणीकडे जायची. ताई ऐंशीच्या पुढची, दोन जिने वर राहणारी. पण त्या इमारतीला लिफ्ट होती. दोघी बहिणी चार तास बसून साऱ्या नातेवाइकांची सालं काढायच्या. बाकीचे सहा दिवस ती खिडकीशी गप्प असायची. एरवी जिच्या तोंडाला कुलूप लावायची कुणाची टाप नव्हती, ती.

आणि गाडीत ती स्वतः बसायची. सीटकडे पाठ करायची, उजव्या हाताने दार घट्ट धरायची, हळूहळू टेकायची आणि मग डावा पाय हाताने पिशवीसारखा उचलून आत ठेवायची. "हात लावाल तर याद राखा," असं म्हणून मास्तरांना चार पावलं लांब उभं करायची. एकदा गाडी बंद पडली म्हणून टॅक्सी बोलावली होती. सीट उंच; दोघांनी उचलून बसवलं. घरी आल्यावर म्हणाली, "मी काही पोतं नाही." पुन्हा टॅक्सीचं नाव कुणी काढलं नाही.

"मिस्त्री म्हणतो, आता दुरुस्त होत नाही," मास्तरांनी घरी सांगितलं.

"मग मलाही घेऊन जा म्हणावं बरोबर."

"तुला भंगारवाला घ्यायचा नाही. वजनात बसत नाहीस."

ती अर्ध्या तोंडाने हसली. मग हळूच विचारलं, "पण गुरुवारचं काय हो?"

मास्तरांनी टेप काढला. जुन्या गाडीची सीट जमिनीपासून एकवीस इंच. दाराची रुंदी, सीटची खोली, सगळं गिऱ्हाइकाच्या मापाच्या वहीत उतरलं. तीन आठवडे ते जुन्या गाड्यांच्या दुकानांत टेप घेऊन वाकत राहिले.

"काका, लोक ॲव्हरेज विचारतात," एक विक्रेता म्हणाला. "तुम्हाला गाडीला पँट शिवायचीय का?"

शेवटी एक राखाडी गाडी सापडली. एकवीसला एकवीस. जुनी गाडी क्रेनला लागली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मास्तर, निदान ते जुनं सीटकव्हर तरी काढून घ्या. काकूंना सवय आहे."

"ते गोणपाट? टेलरच्या गाडीत? लोक दुकानात यायचे बंद होतील."

दोन दुपारी बसून त्यांनी नवं कव्हर शिवलं. कोटाच्या अस्तराचं कापड, गडद निळं, मऊसूत. तिच्या डाव्या अंगाची कातडी जरा घासली तरी सोलायची, म्हणून. कडेला दुहेरी पायपिंग. तिने हात फिरवून बघितलं. "माझ्यापेक्षा हिचे कपडे भारी," म्हणाली. खूश होती.

गुरुवारी तिने सीटकडे पाठ केली, दार धरलं, टेकली. बरोबर बसली. मास्तर लांबून म्हणाले, "बघ! सूतभर फरक नाही." तिने पाय उचलायला दारावरचा हात सोडला.

आणि ती सरकली. आवाजसुद्धा न होता, एखादा कोट खुंटीवरून घसरावा तशी, गाडी आणि फुटपाथ यांच्यामध्ये. चार पावलं मास्तरांना पुरली नाहीत.

कोटाला अस्तर कशासाठी लावतात? हात सरसर आत जावा म्हणून. हे चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलेला माणूस.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावून सांगितलं, की या अंगाने आता बसतं होणं कठीण. मिस्त्री भेटायला आला. खाटेशी उभा राहून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "पाय घसरला रे माझा. चप्पलच मेली तसली."

"अगं, ते कव्हर..." मास्तर म्हणाले.

"गप्प बसा. कव्हर छान होतं."

आता गुरुवारी मास्तर एकटे जातात. तिचाच हुकूम. "ताईला सांगा सर्दी झालीय. खरं कळलं तर रडेल, आणि रडली की तिला धाप लागते."

"ही सर्दी आहे की भाडेकरू?" आठव्या गुरुवारी ताई म्हणाली. "सोडायचं नावच घेत नाही." मग तिने धाकट्या जावेची एक भानगड सुरू केली, आणि मध्येच थांबली. "तुम्हाला सांगून काय फायदा, मास्तर? तुम्ही नुसते हूं हूं करता."

मास्तरांनी ऐकली तेवढी भानगड जशीच्या तशी घरी आणली. खाटेशी खुर्ची ओढून, एक शब्द गाळायचा नाही अशा बेताने सांगायला लागले.

"थांबा," ती छताकडे बघत म्हणाली. "हे सांगताना ताई कुठे हसली?"

मास्तरांना आठवेना.

"बरं, असू द्या," ती म्हणाली आणि गोष्ट अर्धी राहिलेली असताना तिने डोळे मिटले.