वनिताबाईलेच सर्वरनं हाकललं

मी इथी कमीच लिहितो, पन आजचं सांगतो. तीन गावच्या मच्छीमार संस्थाइचा एकच सर्वर आहे, तो मी सांभाळतो. कोन्तं तरी मशीन दिवसभर त्यावर पासवर्ड लावून पाहते. म्हनून एका नेट कनेक्शनवरून पाचदा पासवर्ड चुकला की ते कनेक्शनच बंद, असं मी करून ठेवलं.

आज आमच्या सचिव वनिताबाईचाच पासवर्ड पाचदा चुकला. ऑफिसात वायफाय एकच, म्हनून सारेच बाहेर. तलावाच्या ठेक्याचा अर्ज सर्वरवर अन् बारापर्यंत भराचा होता.

"काऊन रे, चोर सोडून मलेच हाकललं?" बाईचा फोन आला.

मी माझ्या मोबाईलच्या नेटवरून सर्वरवर जाऊन ऑफिसचं कनेक्शन खोललं. अर्ज बाराच्या आत भरला गेला.

मंग लॉग पाह्यला, म्हंजे कोन कोन्त्या नावानं आत याले पाहते त्याची नोंद. मशीन ॲडमिन, टेस्ट, गेस्ट हेच नावं लावून राह्यलं. वनिता एकदाबी नाई. ज्याले आपले नावंच मालूम नाई, त्याच्या भेवानं मी आपल्याच मानसाइले अडवलं.

आता पासवर्ड बंद करून हरेकाले वेगळी चावीची फाईल द्यावी म्हनतो; ते फाईल कॉम्प्युटरात असली की पासवर्ड लागत नाई. पन ऑफिसात कॉम्प्युटर एकच आहे, बसनारे चार; कोनाची चावी कोनबी वापरन. तुमी कसं केलं असतं?