टाक्याचं टोक

चार मार्चला मास्तरांनी दवाखान्याच्या खिडकीत अठरा हजार सहाशे पन्नास रुपये भरले आणि चोपन्नाव्या वर्षी सुंता करून घेतली. साखरेच्या आजारानं पुढची कातडी आवळत चालली होती आणि लघवीला जाणं म्हणजे शिक्षा झाली होती.

मास्तर शिंपी. लोंबता धागा दिसला की त्यांचा हात आपोआप कात्रीकडे जाई. टाके विरघळून पडतील, हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आपोआप पडणारा टाका म्हणजे कच्चं काम," मास्तर बायकोला म्हणाले. सहाव्या दिवशी न्हाणीघरात एक टोक लोंबताना दिसलं. त्यांनी कात्री उकळली आणि ते कापलं. गाठच सुटली. जखम गव्हाच्या दाण्याएवढी उघडली, पाव तास रक्त आलं, मग थांबलं.

दहाव्या दिवशी दाखवायला जायचं होतं. मास्तर गेलेच नाहीत; कोणत्या तोंडानं जाणार? जखम भरली, पण तिथे जाड, कडक वण उठला. नेफ्यातली नाडी ओढावी तसा हा एक दिवस आवळणार आणि पुन्हा सुरी लागणार, या धास्तीनं त्यांची झोप उडाली. धार बारीक झाली का, हे बघत ते न्हाणीघरात उभे राहू लागले.

"अहो, आत विहीर खणताय का?" बायकोनं दारावर थाप मारली.

शेवटी त्यांनी सगळं सांगितलं. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "गिऱ्हाईक घरी उसवून विजार आणतं, तेव्हा तुम्ही चार शब्द सुनावता, पण दुरुस्त करताच ना? मग जा. तुम्हीही ऐकून घ्या."

डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकली आणि चष्मा सरसावून पाहिलं. "कात्री कुणाची?"

"माझीच."

"मग उद्यापासून तुमच्या मशीनवर मी बसतो." त्यांनी वण हलकेच दाबून पाहिला. "जाड आहे, पण आवळलेला नाही. मलम लिहून देतो, काही महिन्यांत मऊ होईल. धार बारीक झाली, सूज आली किंवा रक्त आलं, तर त्याच दिवशी यायचं. लाजत बसायचं नाही."

मास्तर घुटमळले. "आणि... घरातलं?"

"अजून तीन आठवडे दम धरा. मग खुशाल."

मास्तर शीळ घालत जिना उतरले. औषधाच्या दुकानात मलमाला वीस रुपये कमी पडले. ते अजून द्यायचे आहेत.