‘लाभार्थी’ शब्दापायी खोळंबलेला सत्कार

आमच्या विद्यापीठात संशोधन नैतिकता समितीची मी सचिव होते. माणसांवरचं कुठलंही संशोधन आमच्या मंजुरीशिवाय सुरू होत नसे. समितीवर बाहेरचे दोन सदस्य होते, दोघंही बिनमानधनाचे. एक निवृत्त वकील, आणि दुसऱ्या, लिंबागणेशकडच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष. त्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणायचो. मावशी सगळे कागद आधी घरी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेत आणि खटकलं तिथे पानाचा कोपरा दुमडून आणत.

दोघांची मुदत दुष्काळातच संपली. मी आखणी केली होती: तीनला शेवटची बैठक, अर्ज एकच, वीस मिनिटं पुरे, साडेतीनला सत्कार. शाली, फेटा, नारळ, कुलगुरूंची वेळ, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या होत्या.

अर्ज होता आष्टीकडच्या चारा छावणीतल्या बायकांच्या रक्ततपासणीचा. मावशींनी दुमडलेलं पान उघडलं.

“म्याडम, हितं बाईच्या नावावर ‘लाभार्थी’ कावून लिहिलंय?”

संमतीपत्राचा तो नमुना माझाच, एका सरकारी योजनेच्या अर्जावरून उतरवलेला. “तशी पद्धत आहे, मावशी,” मी म्हणाले.

“पद्धत तुमची. छावणीतल्या बाईला नंबर दिला, वर लाभार्थी लिहिलं, खाली अंगठा घेतला. ती काय समजंल? चाऱ्याच्या यादीत नाव लागलं! मंग रक्त काय, मागाल ते देईल. त्याला राजीखुशी म्हनत न्हाईत.”

वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. “कायद्यात बसतंय, मावशी. तिकडं नारळ वाट बघायलाय.”

“बघू द्या की. तुमाला फेट्याची लई घाई!”

वकीलसाहेब हसले आणि त्यांनी पेन काढलं. एवढा कायदा कोळून प्यालेला माणूस, पण मावशी सांगतील तसं लिहीत आणि खोडत बसला. ‘लाभार्थी’ गेला, अनुक्रमांक गेला. सगळ्यात वर ठळक अक्षरांत आलं: ‘या कागदाचा चाऱ्याशी किंवा टँकरशी काही संबंध नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी जनावरांचा चारा बंद होणार नाही.’ मावशींनी ते तीनदा वाचायला लावलं, तेव्हा मंजुरी मिळाली.

तोवर कुलगुरू निघून गेले होते. दोघांना शाली मीच घातल्या. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात वेळापत्रक इतकं कोलमडलं नव्हतं, आणि त्याचं मला इतकं कमी वाईटही कधी वाटलं नव्हतं.

पंधरवड्याने छावणीतली तपासणी करणाऱ्या संशोधक बाईंचा फोन आला. नवा कागद वाचून दाखवल्यावर नऊ जणींनी चक्क नाही म्हटलं होतं. मावशी आता सदस्य नव्हत्या, तरी मी त्यांना कळवलं.

“नऊ?” मावशी खूश झाल्या. “बरं झालं की. आता त्यांच्याकडं पुन्ना इचारायला जाऊ नका म्हनावं.”

मी लगेच तसा निरोप दिला.