अर्धवट लोणचं

आमच्या हिला फाइल सेव्ह करायची सवय नव्हती. काम अर्धवट टाकून उठताना ती नुसता मॉनिटर बंद करायची आणि म्हणायची, "राहू दे, मी आलेच." हॉस्पिटलात नेलं त्या सकाळी ती मुलीसाठी लिंबाच्या लोणच्याची कृती टाइप करत होती.

ती गेल्यावर चार महिने मी कॉम्प्युटर बंद केला नाही. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर बसवून घेतला. रोज मॉनिटर लावायचा, "मीठ अंदाजाने" या शेवटच्या शब्दांपुढे लुकलुकणारी रेघ बघायची आणि पुन्हा बंद करायचा.

आज भाजी घेऊन आल्यावर लावला, तर निळ्या स्क्रीनवर वर्तुळ फिरत होतं. अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, असं लिहिलं होतं. थोड्या वेळाने सगळं स्वच्छ, रिकामं उघडलं.

मुलीला फोन केला. "बाबा, सेव्ह नव्हतं केलं?"

"आईने नव्हतं केलं. मी कशाला हात लावू?"

रडू येईल असं वाटलं, आलं नाही. अपडेट आत्ता की नंतर, असं विचारलं असतं तर मी रोज नंतरच म्हटलं असतं. म्हणूनच बहुधा विचारत नाहीत.

मेथी निवडायची होती. उठताना मॉनिटर बंद केला. दाराशी जाऊन परत आलो, खाली वाकलो आणि कॉम्प्युटरही बंद केला.