मी तर रोज हातात देतो

थायरॉइडचं दुखणं मला पहिल्यांदा सापडलं तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. म्हैसूरच्या एका कन्नड माध्यमाच्या शाळेत दहावीला गणित शिकवायचे. आमचं घर जयलक्ष्मीपुरममध्ये, नवरा कडकोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आणि एकुलती मुलगी बेंगळुरूला शिकायला. त्या वर्षी माझे केस मूठभर गळत होते, अंग फुगल्यासारखं झालं होतं आणि ऐन एप्रिलमध्ये मी स्वेटर घालून फळ्यापुढे उभी राहायचे. मुली तोंडावर हात धरून हसायच्या.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्टमध्ये टीएसएच नावापुढे अठरा आकडा होता आणि शेजारी छापलं होतं की तो साधारण चारच्या आत असावा. मला वाटलं, आकडा जास्त म्हणजे थायरॉइड जास्त. बाई म्हणाल्या, "उलटं आहे, मिस. गळ्यातली ग्रंथी काम करेनाशी झाली की डोक्यातून तिला हाका जातात. टीएसएच म्हणजे ती हाक. ग्रंथी जितकी सुस्त, तितका आकडा मोठा."

हे मला लगेच कळलं. वर्ग जितका ढिम्म, तितका माझाही आवाज चढायचा.

पंचाहत्तर पॉवरची गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास कॉफीला शिवायचं नाही. आमच्या गावात याहून कडक पथ्य नसेल. दोन महिन्यांनी आकडा तीनवर आला. मी एका वहीत तारीख, आकडा आणि गोळीची पॉवर असे तीन रकाने आखले. चार वर्षं त्या वहीत सगळं सरळ चाललं होतं. आकडा कधी अडीच, कधी साडेतीन. मी दुखणं विसरूनही गेले होते.

मग हुबळीला माझ्या नवऱ्याची थोरली बहीण वारली. ह्यांची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ह्यांना अक्कांनीच वाढवलं होतं. तेराव्यानंतर हे परत आले ते गप्प गप्पच. काय झालं होतं विचारलं तर "हार्ट" एवढंच म्हणाले. पुढच्याच वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी मला उठवून म्हणाले, "अगं, तुझी गोळी." एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ती बारीक पांढरी गोळी.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. औषधं आणणंही त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी डोळे अर्धवट उघडून हात पुढे करायचे, गोळी गिळायचे आणि पुन्हा पाच मिनिटं पडायचे. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक मिस म्हणाल्या, "आमच्याकडे तर नवऱ्याला माझी गोळी कुठली तेही ठाऊक नाही." मला बरं वाटलं होतं. आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नाही. हे त्यांचं बोलणं आहे असं मी धरलं होतं.

सहा महिन्यांनी आकडा नऊ आला. बाईंनी गोळी शंभरची केली. पुढच्या खेपेला सोळा. मग सव्वाशे. त्यानंतर बावीस, मग सत्तावीस, आणि गोळी दीडशेवर गेली. पाय सुजू लागले. आवाज घोगरा झाला. एकदा दहावीच्या वर्गात वर्गसमीकरण सोडवताना मी मधल्याच पायरीवर थांबले. पुढे काय करायचं तेच सुचेना. वीस वर्षं मी ते गणित डोळे मिटून सोडवलं होतं. चाळीस मुली बघत होत्या, आणि शेवटी पहिल्या बाकावरची एक हळूच म्हणाली, "मिस, मायनस राहिलं." जूनमध्ये हेडमास्तरांनी दहावी एका तरुण सरांना दिली आणि मला पाचवी-सहावी. "थोडी विश्रांती होईल तुम्हाला," असं म्हणाले.

पाचवा रिपोर्ट आला, टीएसएच चौतीस. त्या दिवशी हेही माझ्याबरोबर दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

"मिस, खरं सांगा. गोळी घेता ना?"

"रोज घेते."

"दीडशेची गोळी रोज घेणाऱ्या माणसाचा आकडा चौतीस येत नाही. निदान तुमच्या वजनाच्या बाईचा तरी नाही."

"शपथेवर सांगते, बाई. एक दिवस चुकलेली नाही."

त्या ह्यांच्याकडे वळल्या. "सर, तुम्ही घरीच असता. ह्या घेतात का गोळी?"

हे खाली बघत म्हणाले, "मी तर रोज हातात देतो."

झालं. ते रोज हातात देतात, म्हणजे मीच कुठेतरी टाकून देत असणार. बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला चांगली ओळखीची होती. गृहपाठ घरी विसरलाय म्हणणाऱ्या मुलीकडे मी तशीच बघायचे. त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं. मला उलटं दिसत होतं तरी वाचता आलं: पेशंट औषध नियमित घेत नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते अजून खालीच बघत होते. मला वाटलं, माझ्यासाठी ओशाळलेत.

आठवडाभरात मुलीचा फोन आला. दवाखान्यातलं तिच्या कानावर गेलं होतं. आमच्या घरची मराठी अर्धी कन्नड आहे आणि मुलीची तर पाऊण. "आई, सुळ्ळु का बोलतेस?" ती म्हणाली. खोट्याला आम्ही सुळ्ळुच म्हणतो. "अप्पा इतकं करतात तुझ्यासाठी. गोळी फेकतेस का? भीती वाटते का तुला?" मी तिला समजावायला गेले आणि रडूच यायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "बघ, डिप्रेशन पण असतं यात."

त्या दिवसांत मी स्वतःवरही शंका घेऊ लागले. गोळी गिळल्यावर तोंड उघडून आरशात बघायचे, खरंच गेली का.

दोनेक महिन्यांनी हुबळीहून निरोप आला. ह्यांच्या धाकट्या भावाचं स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून हे तासाभरात बॅग भरून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटात पाहिलं तर गोळ्यांची पट्टी नव्हती. फोन केला.

"अरे, चुकून माझ्या बॅगेत आली वाटतं," हे म्हणाले. "नेहमीच्या मेडिकलमधून घे, मी त्यांना फोन करून सांगतो."

पण मला शाळेला उशीर होत होता. शाळेशेजारच्याच दुकानात बाईंची चिठ्ठी दाखवून गोळ्या घेतल्या. दुपारी ह्यांचा फोन आला.

"किती पॉवरची दिली?"

"चिठ्ठीवर आहे तीच. दीडशे."

मग म्हणाले, "एकदम दीडशे नको घेऊ गं. अर्धी करून घे."

"म्हणजे काय? मग इतके महिने काय घेत होते मी?"

"भाऊ हाका मारतोय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला त्यात काहीच दिसलं नाही. मी गोळी अख्खी घेतली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी स्वेटर काढून ठेवला तो परत घातलाच नाही. पाय उतरले, भूक लागायला लागली, सहावीच्या मुली म्हणाल्या, मिसचा आवाज छान झाला. पण महिना उलटला तसं ते सुख जास्तच होऊ लागलं. खडू धरलेला हात थरथरायचा. जिना चढले की छातीत ढोल वाजायचा. झोप उडाली. दोन महिन्यांनी रक्त दिलं तर टीएसएच शून्य पूर्णांक शून्य तीन.

बाई हसल्या. "आता हाका बंद झाल्या, कारण औषध जास्त झालं. म्हणजे आता तुम्ही गोळी घेताय. पुन्हा पंचाहत्तरवर आणू. मुळात तुम्हाला तेवढीच पुरत होती, मिस. मधली अडीच वर्षं काय केलंत ते तुम्हीच जाणे."

मी शाळेत परत आले. तास रिकामा होता. वही उघडली आणि आकडे पुन्हा पुन्हा वाचले. पंचाहत्तरला तीन. शंभरला सोळा. दीडशेला चौतीस. दीडशेलाच शून्य पूर्णांक शून्य तीन. शरीर तेच, लॅब तीच, डॉक्टर त्याच. गणितात असं होत नाही. उत्तर बदललं असेल तर दिलेलं काहीतरी बदललेलं असतं. मी पेन्सिलीने चौथा रकाना आखला आणि शेवटच्या आठ तारखांपुढे लिहिलं, तेव्हा गोळी कोणी दिली. मी. मी. हे. हे. हे. हे. हे. मी.

संध्याकाळी नेहमीच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार म्हातारे गृहस्थ, आम्हाला वीस वर्षं ओळखणारे. म्हटलं, "ह्यांनी माझी थायरॉइडची गोळी सांगितलीय. आमच्याकडे कुठली देता?"

"यावागलू इप्पत्तैदे, अम्मा," ते म्हणाले. नेहमी पंचवीसचीच. "सर तीच मागतात."

पट्टी त्यांनी काउंटरवर ठेवली. गोळ्या बारीक, पांढऱ्या. तळव्यावर ठेवल्या तर पंचवीसची कुठली आणि दीडशेची कुठली, मला तरी कळलं नसतं. मी ती पट्टी घेतली आणि चालत घरी आले. रिक्षात बसायचंही सुचलं नाही.

भाऊ काठीने चालू लागला तसे हे त्या रविवारी सकाळच्या गाडीने आले. मी त्यांना आंघोळ करू दिली, जेवू दिलं. मग वही आणि ती पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

"काय हे?"

"वाचा."

त्यांनी वाचलं. चौथ्या रकान्यावर बोट थांबलं. मग म्हणाले, "अक्कालाही हीच गोळी होती."

मला हे माहीत नव्हतं.

"शेवटी शेवटी तिचे हात थरथरायचे. छाती अशी धडधडायची की पदरावरून दिसायची. डॉक्टर म्हणाले, गोळी जास्त झाली होती. माझ्या मांडीवर गेली ती. मी परत आलो तर तू तीच गोळी गिळत होतीस."

"मग बंदच का नाही केलीत?"

"बंद केली असती तर तुला काही झालं असतं. म्हणून थोडी देत होतो. बाई वाढवत गेल्या तसा मी आणखीच घाबरलो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ऐकलं नसतंस."

हे मला कळत होतं. भीतीने माणूस काय करेल सांगता येत नाही. अक्कांवर त्यांचा किती जीव होता तेही मला ठाऊक होतं. पण माझ्या डोळ्यांपुढून ते टेबल हलेना, तो काढून ठेवलेला चष्मा हलेना.

"आणि दवाखान्यात? बाईंनी तुम्हाला विचारलं तेव्हा?"

"मी खोटं नाही बोललो," हे म्हणाले. "रोज हातात देतच होतो."

पंचवीसच्या गोळ्यांचं मी एक वेळ सोसलं असतं. या वाक्याचं मला सोसेना. म्हणजे त्या दिवशी त्यांनी विचार करून, शब्द निवडून उत्तर दिलं होतं, आणि त्या नेमक्या शब्दांनी मला खोटारडी ठरवलं होतं. मुलीच्या फोनच्या वेळी हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. माझं रडणं त्यांना ऐकू येत होतं.

"मुलीला फोन लावा," मी म्हटलं.

"होग्ली बिडू गं, जाऊ दे, आता कशाला..."

"लावा. मी इथेच बसते."

त्यांनी सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, अडखळत, पण सगळं सांगितलं. मग फोन माझ्याकडे दिला. "आई, मी तुला सुळ्ळु म्हटलं," एवढंच मुलगी बोलली. मी "राहू दे" म्हटलं. राहू देण्यासारखं ते नव्हतं, पण तिचा दोष त्यात थोडाच होता.

दवाखान्यात मी एकटी गेले आणि बाईंना खरं सांगितलं. मी म्हटलं, "फाइलवर लिहिलंय ते खोडा." त्यांनी फाइल मागवली, त्या ओळीवर रेघ मारली, खाली सही केली. "विचारायला हवं होतं मी, गोळीची पट्टी दाखवा म्हणून," त्या म्हणाल्या. दहावीचा वर्ग मात्र परत मिळाला नाही. हेडमास्तरांना काय सांगणार होते मी? निवृत्त होईपर्यंत पाचवी-सहावीलाच शिकवलं.

काही महिन्यांनी ह्यांनी पेन्शनच्या कागदांतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. अक्कांचा रिपोर्ट आणि त्यांची चिठ्ठी. टीएसएच शून्य पूर्णांक शून्य एक. दोनशेची गोळी. चिठ्ठीवर अक्कांच्या डॉक्टरांनी आधीच्या तपासणीची तारीख लिहिली होती, ती सहा वर्षांपूर्वीची. मी विचारलं, शेवटी अक्कांचं वजन किती होतं? निम्म्यावर आलं होतं, हे म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगितलं. मन थंड होतं आणि आवाज वर्गातला होता. सहा वर्षं कोणी रक्त तपासलंच नाही. माणूस आटत गेलं, गोळी तेवढीच राहिली.

"म्हणजे तपासलं असतं तर?"

"तर कमी केली असती."

ते तोंड झाकून रडायला लागले. मी तिथेच बसून होते. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, पण हात उचलला नाही.

आता माझा आकडा अडीच-तीनच्या घरात असतो. आम्ही त्याच घरात राहतो, एकत्र जेवतो, लग्नकार्यांना जोडीने जातो. लोकांना काही माहीत नाही. वर्षातून दोनदा मी लॅबमध्ये जाते. गेल्या खेपेला चप्पल घालत असताना हे दारात येऊन म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं, आणि कोपऱ्यावरून जाणाऱ्या रिक्षाला हात केला.