अर्जातली अडाणी सासू

माझा जावई गरीब स्वभावाचा आहे, आणि गरीब स्वभावाच्या माणसाने सरकारी अनुदानाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सासूचं मत विचारतो कोण!

पंखे, मिक्सर, शाळेच्या घंटा दुरुस्त करणारा हा माणूस. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की याने बाहेर यायचं. मी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते, तीस वर्षं झाली. कुठली चादर कुठल्या वॉर्डाची ते कडेच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. मला वाचता येत नव्हतं, मी पट्टी शिवलेल्या दोऱ्याच्या रंगावरून ओळखायचे. एकदा शिवणाऱ्याने सगळीकडे पांढराच दोरा वापरला, आणि मी बाळंतिणींच्या चादरी भाजलेल्यांच्या वॉर्डात पाठवल्या. मुकादमीण चारचौघींत म्हणाली, "अंगठाबहाद्दर!" त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

जावयाने समजूत घातली नाही, काही नाही. तीन रविवार दुकान उघडून बसला आणि एक लाकडी पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. अक्षराचं कार्ड खाचेत घालायचं, की पेटी ते अक्षर बोलते. शब्द जुळवला की शब्द बोलते. आवाज माझ्या लेकीचा. चुकलं तर म्हणते, "असू दे आई, पुन्हा बघू या." जन्मात लेक माझ्याशी इतकं गोड बोलली नव्हती!

धुलाईघरातल्या बाकीच्या सतरा जणींना हे कळलं, आणि प्रत्येकीला पेटी हवी झाली. सतरा पेट्यांचं सामान आणायचं तर जावयाला दुकान विकावं लागलं असतं. तेवढ्यात पेपरात आलं, शिक्षणासाठी तंत्रज्ञान बनवणाऱ्या छोट्या उद्योगांना सरकार अनुदान देणार.

आता उद्योग म्हणजे संचालक लागतात. जावई झाला व्यवस्थापकीय संचालक, लेक झाली विपणन संचालक, आणि त्या दिवशीही भांडी मीच घासली. अर्ज बेचाळीस पानांचा. "येत्या पाच वर्षांत किती देशांत विस्तार करणार?" या प्रश्नापुढे या बाबाने लिहिलं, "आधी धुलाईघर." पुढे एक रकाना होता, प्रायोगिक लाभार्थी. तिथे त्याने खरं तेच लिहिलं: सासू, वय अठ्ठावन्न, निरक्षर. इथेच माशी शिंकली.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, म्हणतात. इथे अकरा महिने गेले. तेवढे दिवस मी काय हातावर हात ठेवून बसणार होते? दुकानांच्या पाट्या झाल्या, औषधांच्या बाटल्या झाल्या, पेपर झाला. लेकीने लपवलेलं दाताच्या डॉक्टरचं बिलसुद्धा वाचलं आणि तिला चांगलं फैलावर घेतलं.

मग एक दिवस तपासनीस साहेबांचा फोन आला. जावई आनंदाने म्हणाला, "साहेब, सासूबाई आता पेपर वाचतात!"

"मग निरक्षर लाभार्थी कुठून आणणार?" साहेब म्हणाले. "अर्ज बाद होईल."

"अहो, पण हाच तर पेटीचा फायदा—"

"फायद्याचा रकाना तपासणीनंतर. तपासणीच्या दिवशी लाभार्थी निरक्षरच लागतो."

जावई अर्ज मागे घ्यायला निघाला होता. मीच त्याला अडवलं. म्हटलं, "जावईबापू, अठ्ठावन्न वर्षं अडाणी होते, आणखी एक दिवस मला काय जड आहे? तुम्ही गप्प बसा. सतरा जणी वाट बघतायत."

ठरल्या दिवशी दुसरेच साहेब तपासणीला आले, फोनवरचं बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानातलं एकुलतं एक स्टूल त्यांनी पटकावलं आणि मला म्हणाले, "या आजी." आजी म्हणे! त्यांच्या डोक्यावर माझ्याहून जास्त पांढरे होते. त्यांनी 'म'चं कार्ड दाखवलं.

"हे काय आहे?"

"कोण जाणे, साहेब."

'घर' दाखवलं. म्हटलं, "काहीतरी नक्षी दिसतेय." लेकीने ओठ चावला, जावयाने मान खाली घातली. साहेब खूश होऊन फाईलीत खुणा करत होते. इतक्या मेहनतीने मिळवलेलं असं फेकून द्यायचं? पण तोंडाला कुलूप घातलं होतं.

मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला आणि शाईची डबी उघडली.

"काय लिहिलंय यात?" मी विचारलं.

"काही नाही हो आजी. तुम्ही हजर होतात, एवढंच."

मी अंगठा शाईत बुडवला. पण डोळे एकदा वाचायला शिकले, की मालकिणीचं ऐकत नाहीत. कागदावर छापलं होतं: 'सदर महिला वयोमानामुळे शिकण्यास असमर्थ असल्याचे आढळले.'

तळपायाची आग मस्तकात गेली! एकेका शब्दावर बोट ठेवत मी ती ओळ मोठ्याने वाचली. मग साहेबांच्या खिशातलं पेन काढलं, ती ओळ खोडली आणि खाली माझी सही ठोकली.

"म्हणजे तुम्हाला वाचता येतं!" साहेब ओरडले. "ही सरकारची फसवणूक आहे!"

"आणि हजर होते एवढंच लिहिलंय म्हणालात, ती कोणाची?"

"अहो, तो छापील मजकूर आहे! त्याशिवाय गरज सिद्ध होत नाही, आणि गरजेशिवाय अनुदान नाही!" फाईल काखोटीला मारून ते तरातरा निघून गेले.

जावयाकडे बघायचा मला धीर होईना. तो हळूच म्हणाला, "आई, 'असमर्थ' आपल्या पेटीत नाहीये. जोडाक्षरं मी अजून घातलीच नव्हती." डोळे भरले होते त्याचे, पण वेडा हसत होता.

नकार द्यायला सरकारला अकरा महिने लागले नाहीत. आठ दिवसांत पत्र हजर: 'लाभार्थी साक्षर झाल्याचे आढळल्याने यंत्राची आवश्यकता सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.'

ते पत्र मी धुलाईघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. पेटी एक आणि जणी सतरा. महिना महिना पाळी लावली तरी शेवटचीला सोळा महिने थांबावं लागणार. आमच्यातल्या थोरल्या बाई तर दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. मला माझ्याच तोंडाचा राग आला.

थोरल्या बाईंनीच विचारलं, "तू अंगठा दिला असतास, तर पेट्या आल्या असत्या?"

"आल्या असत्या," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्यांनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली, बाजूला ठेवली आणि पत्र माझ्यापुढे धरलं. "पेटीचं नंतर बघू. आधी हे वाचायला शिकव. पुढचा साहेब माझ्याबद्दल काय लिहितो, ते मलाच बघायचंय."